इंजिन म्हणते बरोबरी, मग मात कशी झाली?

वाचकाचे पत्र : मी सांगलीचा असून गेली सहा वर्षे स्पर्धांमध्ये बुद्धिबळ खेळतो. माझे फिडे (जागतिक बुद्धिबळ संघटना) मानांकन १६५० च्या आसपास आहे. काळ्या मोहऱ्यांनी मी सिसिलियन बचाव या सुरुवातीतील नायडॉर्फ हा प्रकार खेळतो आणि पांढऱ्याने सहाव्या खेळीला उंट जी५ वर आणला, की ‘विषारी प्याद्या’ची लाइन, म्हणजे वजिराने बी२ चे प्यादे खाण्याचा ठरलेला खेळीक्रम, निवडतो. गेले चार महिने रोज दोन-अडीच तास लॅपटॉपवर इंजिन (बुद्धिबळाचे विश्लेषण करणारा प्रोग्राम) लावून मी हीच लाइन पाठ केली. गेल्या महिन्यातील स्पर्धेत प्रतिस्पर्ध्याने दहाव्या खेळीला एफ५ खेळून नेमकी तीच वाट धरली. विसाव्या खेळीपर्यंत मी फारसा विचार न करता खेळत होतो. २१ व्या खेळीला पांढऱ्याचा वजीर एच६ वर आला, पुढचे मला आठवेना, आणि जी७ वरची मात थांबवण्यासाठी मी एफ८ चा हत्ती जी८ वर ठेवला. पुढच्या चार खेळींत मला मात झाली. घरी येऊन पाहिले, तर माझ्या त्या खेळीच्या आधी इंजिन ०.००, म्हणजे बरोबरी, दाखवत होते. फोनवरचे इंजिन आणि लॅपटॉपवरचे इंजिन पुष्कळदा निरनिराळे आकडे दाखवतात, तेव्हा कोणाचे खरे मानावे? माझे सर म्हणतात, इंजिन बंद कर आणि डोके चालव. मी ही लाइन सोडावी का? की अधिक ताकदीचा नवा लॅपटॉप घ्यावा?

उत्तर : सप्रेम नमस्कार.

हरलेल्या डावाविषयी लिहिणारे बहुतेक जण ‘सुरुवात चांगली झाली होती, नंतर काहीतरी चुकले’ एवढ्यावर थांबतात. तुम्ही मात्र चूक कितव्या खेळीला आणि कोणत्या घरावर झाली हे लिहिले आहे, त्यामुळे मलाही गोलमोल न बोलता पटावरूनच बोलता येईल. पत्र वाचून झाल्यावर मी ती स्थिती लाकडी पटावर मांडली. पांढऱ्याचा राजा जी१ वर, वजीर एच६ वर, हत्ती डी१ आणि जी३ वर, उंट ई२ वर आणि घोडा ई४ वर आहे. काळ्याचा राजा एच८ च्या कोपऱ्यात असून हत्ती डी७ आणि एफ८ वर, उंट ई७ आणि सी८ वर आहेत. वजीर मात्र या धामधुमीपासून दूर ए२ वर, प्यादी गोळा करायला गेलेला, तिथेच राहिला आहे. प्यादी मोजली तर काळ्याची सहा आणि पांढऱ्याची तीन भरतात. तीन प्याद्यांची कमाई आणि त्या बदल्यात राजाच्या दारात येऊन उभे राहिलेले पांढऱ्याचे सैन्य, असा या लाइनचा एकूण सौदा आहे.

जी७ वर मात येते आहे हे तुम्ही बरोबर पाहिले, आणि हत्ती जी८ वर ठेवल्याने ते घर राखले जाते हेही खरे आहे. परंतु एफ८ वरून निघालेल्या हत्तीने एफ६ च्या प्याद्याचा आधारही सोबत नेला. २२ व्या खेळीला पांढऱ्या घोड्याने ते प्यादे मारले आणि एच७ वर वजिराने मात किंवा जी८ वरचा हत्ती मारून मात, अशा दोन धमक्या एकदमच उभ्या राहिल्या. उंटाने घोडा मारला, तर वजीर तो उंट मारून एफ६ वरून शह देतो. जी८ चा हत्ती मध्ये जी७ वर घातला, तर पांढरा डी७ चा हत्ती मारतो, तुमचा उंट तो परत मारतो आणि वजीर जी७ वर मात करतो. तुमच्या डावात हेच घडले असावे, कारण खेळींची संख्या जुळते.

आता इंजिनाचे ०.०० कोठून आले ते पाहा. २१ व्या खेळीला काळ्याने आधी डी१ वरचा हत्ती शह देऊन मारायचा, पांढऱ्याने उंटाने परत मारायचे, आणि मग एफ८ चा हत्ती एक घर पुढे, एफ७ वर आणायचा, म्हणजे तो आडव्या रांगेतून जी७ राखतो. मध्ये उंट येतो का, असे तुम्हाला वाटेल; तो येत नाही, कारण तो ई७ वर आहे आणि हत्ती त्याच्या अलीकडे आला आहे. मग पांढरा वजीर एच५ वर जाऊन त्या हत्तीवर हल्ला करतो, हत्ती एफ८ वर परततो, वजीर पुन्हा एच६ वर येतो, हत्ती पुन्हा एफ७ वर जातो. हा झोका दोघांपैकी कोणालाही सुखासुखी थांबवता येत नाही, आणि याच झोक्यावर वरच्या पातळीवरचे कितीतरी डाव बरोबरीत सुटले आहेत. इंजिनाचा शून्य म्हणजे हा झोका. स्थिती निवांत आहे, दोन्ही बाजूंना सारखे सोपे आहे, असे त्या आकड्याने कधीच म्हटले नव्हते. दोन्ही बाजूंनी यापुढे एकही चूक केली नाही तर डाव कोणी जिंकत नाही, एवढेच त्याने म्हटले होते.

डोंबाऱ्याचा खेळ तुम्ही पाहिला असेल. दोरीवरून पलीकडे जाता येते का, असे डोंबाऱ्याला विचारले तर तो निःशंकपणे हो म्हणेल, आणि त्याचे उत्तर खोटे नसेल. इंजिन त्या डोंबाऱ्यासारखे आहे. त्याला भीती नाही, घड्याळाकडे पाहून त्याचा हात थरथरत नाही आणि दोरी किती अरुंद आहे हे सांगण्याची त्याला गरज वाटत नाही, कारण ते कोणी विचारलेलेच नसते. चार महिने तुम्ही इंजिनाला ‘ही स्थिती किती चांगली?’ एवढेच विचारत राहिलात. स्फोटक स्थितीत त्याच्या आधी ‘वाट किती रुंद, आणि कोणासाठी?’ हे विचारायला हवे.

हे विचारण्याची रीत अवघड नाही. इंजिनाच्या खिडकीत एकाऐवजी चार-पाच ओळी एकदम दाखवण्याची सोय असते. ती चालू करा आणि सर्वांत वरच्या आकड्याकडे न पाहता ओळींमधल्या दरीकडे पाहा. तुमच्या २१ व्या खेळीला वरच्या एक-दोन ओळी शून्याजवळ दिसतील आणि त्यांच्या खाली एकदम कडा तुटलेला दिसेल. याउलट एखाद्या साध्या स्थितीत पाचही ओळी पाव-अर्ध्या गुणाच्या अंतरात असतात, तेथे तुम्ही थोडे चुकलात तरी डाव जात नाही. लाइनच्या बाराव्या खेळीपासून पुढे प्रत्येक ठिकाणी काळ्यासमोर न हरणाऱ्या खेळी किती आहेत, एक, दोन की पाच, हे वहीत लिहीत जा, आणि मग हेच पांढऱ्याच्या बाजूने करा. जेथे तुमच्यापुढे सलग चार वेळा ‘एक’ येतो आणि प्रतिस्पर्ध्यापुढे ‘तीन’ किंवा ‘चार’ येतात, तेथे इंजिनाचा शून्य तुमच्यासाठी शून्य नसतो. वरच्या झोक्यातच पाहा : पांढऱ्याला काही सुचले नाही, तर तो वजीर मागेपुढे करून अर्धा गुण घेऊन उठू शकतो, तुम्हाला मात्र दर वेळी नेमके घर आठवावे लागते.

शून्य नसलेल्या आकड्यांविषयीही एक गैरसमज दूर करतो. +१.०० म्हणजे एका प्याद्याची आघाडी, असे आपण सगळेच शिकलो. स्टॉकफिश या इंजिनाच्या बाबतीत आता ते तसे राहिलेले नाही. २०२२ च्या अखेरीस आलेल्या १५.१ या आवृत्तीपासून त्यांनी मोजपट्टी बदलली, आणि +१.०० चा अर्थ इंजिनाने इंजिनाशीच खेळल्यास जिंकण्याची शक्यता निम्मी, असा ठेवला. म्हणजे हा आकडा प्याद्यांचा हिशेब नसून दोन यंत्रांच्या लढतीचा अंदाज आहे. १६५० मानांकनाच्या दोन माणसांमध्ये, प्रत्येकी अकरा मिनिटे उरलेली असताना, तो अंदाज कितपत लागू पडेल हे तुम्हीच ठरवा.

हा झाला आकडा बरोबर असताना होणारा घोटाळा. स्फोटक स्थितीत आकडाच चुकण्याचा संभवही अधिक असतो, आणि त्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण जागतिक अजिंक्यपदाच्या लढतीतलेच आहे. २००४ मध्ये स्वित्झर्लंडमधील ब्रिसागो येथे व्लादिमीर क्रामनिक आणि पीटर लेको यांच्यातील आठव्या डावात रुय लोपेझ या सुरुवातीतील मार्शल हल्ला हा प्रकार पटावर आला. क्रामनिकने तयारी करून आणलेल्या लाइनमध्ये त्याने हत्तीच्या बदल्यात वजीर दिला आणि त्याचे प्यादे ए६ पर्यंत पोहोचले. आता दोन पावलांत ते वजीर होणार होते. त्याच्या पथकाने ही स्थिती संगणकावर तपासली होती आणि संगणक पांढऱ्याच्या बाजूने होता. लेकोला घरची काही मदत नव्हती. त्याने पटावर बसून विचार केला आणि २५ व्या खेळीला वजीर शांतपणे डी३ वर नेला. त्या खेळीत शह नाही की मोहरा मारणे नाही. पांढऱ्याने प्यादे वजीर केले तरी काळ्याचा वजीर, उंट आणि घोडा मिळून राजाला गाठतात, असा त्यामागचा हिशेब होता. क्रामनिकने ३२ व्या खेळीला डाव सोडला. नंतर कळले ते असे, की त्याच स्थितीवर संगणकाला आणखी थोडा वेळ दिला असता तर त्याचे मत फिरत होते. तयारी करणारे त्याआधीच पुढे सरकले होते. शेवटचा डाव जिंकून क्रामनिकने ७-७ अशी बरोबरी साधली आणि पद राखले, हा भाग वेगळा.

असे का होते, हे इंजिन चालते कसे यावरून कळते. एका स्थितीत सरासरी ३० खेळी शक्य आहेत असे धरले, तरी दोन्ही बाजूंच्या दोन-दोन खेळींनंतर आठ लाखांहून अधिक शक्यता होतात, आणि ‘डेप्थ ३०’ (इंजिन किती खोल पाहते त्याचा आकडा) म्हणजे तर प्रत्येक बाजूच्या पंधरा खेळी. त्या सगळ्या पाहणे कोणत्याही यंत्राला शक्य नाही, म्हणून इंजिन प्रथमदर्शनी आशादायक वाटणाऱ्या खेळी खोलवर पाहते आणि यादीत खाली असलेल्या खेळींवर वरवर नजर टाकून पुढे जाते. शह आणि मारामारीच्या खेळी यादीत वर येतात. मोहरे दिल्यावरची शांत खेळी, जिचा उपयोग सहा-सात खेळींनंतर कळतो, ती खाली पडून राहते आणि इंजिन तिच्याकडे उशिरा वळते. सौम्य स्थितीत या उशिराने फारसे बिघडत नाही. बलिदान झालेल्या स्थितीत मात्र त्याच एका खेळीवर सारा डाव टांगलेला असतो. आजची इंजिने २००४ च्या इंजिनांपेक्षा कितीतरी बलवान आहेत, लेकोची खेळी ती चटकन दाखवतील. पण छाटणी करून पाहण्याची रीत तीच आहे, फक्त आंधळी जागा आता अधिक खोल गेली आहे.

म्हणून स्थिती उघडून आकडा स्थिरावेपर्यंत बसून राहण्याने काम भागत नाही. इंजिनाला हाताला धरून पुढे न्यावे लागते. त्याने दाखवलेल्या मुख्य ओळीवरून पाच-सहा खेळी पुढे जा, तेथे त्याला दोन मिनिटे द्या, मग एकेक खेळी मागे या आणि प्रत्येक ठिकाणी आकडा बदलतो का ते पाहा. पुढे पाहिलेले त्याच्या स्मृतीत राहते, त्यामुळे परतताना त्याचे मत पुष्कळदा पालटते. दुसरे असे, की तुम्हाला स्वतःला जी खेळी खेळावीशी वाटते, ती इंजिनाच्या यादीत नसली तरी पटावर करून पाहा आणि त्याला उत्तर द्यायला लावा. हत्ती जी८ ही खेळी तुम्ही चार महिन्यांत घरी एकदाही करून पाहिली नव्हती, असे मला वाटते, कारण इंजिनाने ती कधी सुचवलीच नव्हती. एकदा जरी केली असती, तरी घोड्याने एफ६ चे प्यादे मारल्याचे चित्र डोळ्यांत बसले असते. चुकीच्या पण स्वाभाविक खेळींचे खंडन पाहणे, हा माझ्या मते इंजिनाचा सर्वांत चांगला उपयोग आहे, आणि नेमका तोच बहुतेक जण टाळतात.

फोन आणि लॅपटॉप यांच्यातील तफावतीचा उलगडा थोडक्यात करतो. प्रोसेसर किती, स्मृती किती, आवृत्ती कोणती आणि वेळ किती दिला, यांपैकी काहीही बदलले की आकडा बदलतो. एवढेच काय, एकाहून अधिक प्रोसेसर एकत्र काम करत असतील तर त्याच लॅपटॉपवर तीच स्थिती दुसऱ्यांदा लावली तरी थोडे निराळे उत्तर येऊ शकते. दोन भिन्न इंजिनांच्या ‘डेप्थ’ची तर तुलनाच करू नये, कारण ती मोजण्याची पद्धत एकसारखी नसते. ०.१ आणि ०.३ यांतील फरकाकडे दुर्लक्ष करा. एक यंत्र शून्य आणि दुसरे दोन गुणांची आघाडी दाखवत असेल, तर मात्र कोणाचे खरे हे विचारू नका. तेथे काहीतरी दडलेले आहे असे समजून ती स्थिती पटावर मांडा. याच कारणासाठी मी दोन वेगळ्या घडणीची इंजिने वापरतो. स्टॉकफिशचा भर अफाट वेगाने शोधण्यावर आहे. २०२० मध्ये बाराव्या आवृत्तीत त्यात न्यूरल नेटवर्कने मूल्यमापन करण्याची पद्धत आली, जी मुळात शोगी या जपानी खेळासाठी तयार झाली होती. २०१८ मध्ये सुरू झालेले लीला हे इंजिन त्या मानाने थोड्याच स्थिती पाहते, पण प्रत्येकीविषयी त्याची जाण सखोल असते. दीर्घकाळ चालणाऱ्या पुढाकाराची किंमत लीलाला लवकर कळते आणि डावपेचाची खाच स्टॉकफिश लवकर पकडते, असा माझा अनुभव आहे. दोघे भांडू लागले की माझा अभ्यास सुरू होतो.

तुमच्या सरांचे म्हणणे मला अर्धे पटते. इंजिन बंद करा असे मी म्हणणार नाही, इंजिन उशिरा लावा असे म्हणेन. नवी स्थिती आली की घड्याळ लावून वीस मिनिटे पटावर बसावे, सुचलेल्या खेळी आणि त्यांची कारणे मोडक्यातोडक्या शब्दांत वहीत लिहावीत, आणि मगच यंत्र उघडावे. असे केल्याने इंजिनाचे उत्तर तुमच्या एखाद्या प्रश्नाला आलेले उत्तर होते आणि म्हणून लक्षात राहते. मी हे शहाणपण फुकट मिळवलेले नाही. पुष्कळ वर्षांपूर्वी एका सांघिक सामन्याच्या आदल्या रात्री मी जेमतेम अर्धे मिनिट इंजिन लावून घोड्याचे एक बलिदान पक्के केले होते. दुसऱ्या दिवशी प्रतिस्पर्ध्याने घोडा मारलाच नाही, शांतपणे राजा एक घर बाजूला सरकवला, आणि माझ्याकडे आकडा होता पण त्या आकड्याचे कारण नव्हते. तो सामना आम्ही अर्ध्या गुणाने गमावला. सहकाऱ्यांनी परतीच्या गाडीत विषय काढला नाही, हा त्यांचा चांगुलपणा.

कारण लिहिणे म्हणजे काय, ते तुमच्याच स्थितीवरून दाखवतो. तुमच्या वहीत बहुधा ‘२१. वजीर एच६, हत्ती डी१ मारणे, २२. उंटाने मारणे, हत्ती एफ७’ एवढेच असेल. त्याऐवजी असे लिहा : ‘एफ८ चा हत्ती एफ पट्टी सोडून जाता कामा नये, कारण एफ६ चे प्यादे पडले की राजा उघडा पडतो. जी७ राखायचे ते एफ पट्टीवर राहूनच.’ हे एक वाक्य डोक्यात असते, तर पाठांतर विसरले तरी हात जी८ कडे गेला नसता. वीस खेळींच्या लाइनमध्ये अशी पाच-सहा वाक्ये पुरतात.

इंजिनाची पहिली ओळ नेहमी तुमची नसते, हेही लक्षात घ्या. २००८ मध्ये बॉन येथे विश्वनाथन आनंदने क्रामनिकविरुद्धच्या जागतिक अजिंक्यपदाच्या लढतीत तिसरा आणि पाचवा, असे दोन्ही डाव काळ्या मोहऱ्यांनी, सेमी-स्लाव्ह या सुरुवातीतील मेरान पद्धतीच्या एकाच अतिशय धारदार लाइनमध्ये जिंकले आणि लढत ६.५-४.५ अशी खिशात घातली. त्या स्थितीत काळा यंत्राच्या आकड्यानुसार सरस होता असे नव्हे; तेथील गुंता आनंद आणि त्याच्या पथकाने महिनोन्‌महिने चिवडला होता आणि क्रामनिकला तो घड्याळ चालू असताना सोडवावा लागला. तुमच्या पातळीवर याचा अर्थ असा, की पहिली खेळी ०.०० ची पण दोरीवरची असेल आणि दुसरी खेळी −०.४ ची पण जिच्या मागची योजना तुम्हाला समजते अशी असेल, तर बेलाशक दुसरी निवडा.

पाठांतराचे साहित्य कोठून घ्यावे, याविषयी एक सूचना. पत्राद्वारे खेळल्या जाणाऱ्या बुद्धिबळाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या डावांत इंजिन वापरायला परवानगी आहे, आणि ते खेळाडू एकेका खेळीवर दिवसचे दिवस यंत्र चालवतात. विषारी प्याद्यासारख्या लाइनसाठी त्या डावांचा संग्रह तुमच्या रात्रीच्या दोन तासांहून फार मोलाचा आहे. इतरत्र चालू डावात इंजिन लावणे म्हणजे सरळ फसवणूक, हे तुम्हाला सांगण्याची गरज नसावी.

आता लाइन सोडावी का, या प्रश्नाकडे येतो. या प्याद्याने थोरामोठ्यांचीही परीक्षा घेतली आहे. १९७२ मध्ये रेक्याविक येथील जागतिक अजिंक्यपदाच्या लढतीत बॉबी फिशरने सातव्या डावात ते खाऊन बोरिस स्पास्कीविरुद्ध बरोबरी केली, आणि अकराव्या डावात पुन्हा खाल्ले तेव्हा स्पास्कीने १४ व्या खेळीला आपला घोडा सी३ वरून चक्क मूळ घरी, बी१ वर, परत नेला. पुढे काळ्याचा वजीर पांढऱ्याच्या प्याद्यांच्या जाळ्यात सापडला आणि फिशर ३१ खेळींत हरला. २०२१ च्या एप्रिलमध्ये येकातेरिनबुर्ग येथील कँडिडेट्स (जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणाऱ्या) स्पर्धेत मॅक्सिम वाशिए-लाग्राव्ह या लाइनच्या जगातील सर्वांत अनुभवी खेळाडूंपैकी एकाला फाबियानो कारुआनाने याच लाइनमध्ये घरून आणलेल्या नव्या कल्पनेने हरवले. तेव्हा तुम्ही एकदा हरलात यात लाज वाटण्यासारखे काही नाही.

तरीही माझा सल्ला असा, की निर्णय तुमच्या स्वतःच्या स्कोअरशीट (डावांच्या लेखी नोंदी) पाहून घ्यावा. गेल्या वर्षभरातील काळ्या मोहऱ्यांचे सगळे डाव काढा आणि त्यांत विषारी प्याद्याची लाइन किती वेळा आली ते मोजा. मला शंका आहे की ती एकदा किंवा दोनदा आली असेल, आणि त्याच वर्षात दुसऱ्या खेळीला सी३, तिसऱ्या खेळीला उंट बी५ वरून शह किंवा बंद सिसिलियन असल्या साध्या वाटणाऱ्या गोष्टींनी तुम्हाला कितीतरी अधिक वेळा गाठले असेल. तसे निघाले, तर पुढील तीन महिने सातव्या खेळीला वजीर बी६ ऐवजी उंट ई७ वर आणा. धार थोडी कमी होईल, पण वाट रुंद आहे, आणि वाचलेला वेळ त्या दुसऱ्या लाइनना द्या. विषारी प्याद्याची वही फेकू नका. तीत वर सांगितल्याप्रमाणे कारणे भरत राहा आणि ऑनलाइन जलद डावांत ती लाइन खेळून पाहा. सरांना किंवा एखाद्या मित्राला पांढरी मोहरी देऊन विसाव्या खेळीपासूनची ती स्थिती, प्रत्येकी पंधरा मिनिटांच्या घड्याळावर, दहा वेळा खेळा. त्यांनी वजीर एच६ वर आणण्याऐवजी भलतेच काही खेळावे असे त्यांना आधीच सांगून ठेवा. दहापैकी सात-आठ डाव तुम्ही न हरता काढलेत, की लाइन पुन्हा स्पर्धेत आणायला हरकत नाही.

राहिला नवा लॅपटॉप. तो घेऊ नका. ज्या स्थितीत तुम्ही हरलात ती मी उत्तर लिहिण्यापूर्वी माझ्या चार वर्षे जुन्या फोनवर लावली होती, आणि हत्ती जी८ नंतर घोडा एफ६ हे उत्तर मी चहाचा कप खाली ठेवण्याआधी पडद्यावर आले होते. खर्च करायचाच असेल तर एक चांगले घड्याळ घ्या, कारण वर सांगितलेल्या दहा डावांसाठी ते लागणारच आहे.